आधी कागदावर, मग टेम्पोत

(वाचकांचे प्रश्न आणि चित्रकलेच्या बाईंची उत्तरं)

प्रश्न : बाई, नमस्कार. शिरपूर तालुक्यात आमचा जुना वाडा आहे. धाबं (मातीचं सपाट छप्पर) गळतं, मागची भिंत झुकलीय, म्हणून आम्ही तिघा भावांनी दिवाळीनंतर तो उतरवायचं ठरवलंय. ओसरीच्या खांबांवर पोपट आणि वेलबुट्टी कोरलेले हस्त, म्हणजे तुळई पेलणारे लाकडी आधार, आहेत, मधल्या तुळईखाली एक केळफूल (कोरलेला लाकडी लोलक) आहे. लाकडाचा व्यापारी सगळ्याचा एकदम भाव करून गेला. पुण्यात शिकणाऱ्या पुतणीने मला मोबाईलवर वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं एक चित्र दाखवलं. पांढऱ्या कागदावर लाकडात कोरलेला शोभेचा एक तुकडा, बस्स, दुसरं काही नाही. खाली माध्यम लिहिलंय, जलरंग आणि ग्राफाईट. ती म्हणते, काका, आपल्या पोपटांचंही असंच चित्र करू. खिशात मोबाईल असताना लाकडाच्या तुकड्याचं चित्र कशाला काढायचं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. आणि काढायचंच तर कसं आणि कुणी?
– एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : दादा, पुतणीचं ऐका. फोटोही काढा आणि आजच काढा, कारण व्यापाऱ्याचा टेम्पो कुणाचं चित्र पुरं व्हायची वाट बघत नाही. पण फोटोवर थांबू नका.

तुम्हाला दाखवलेलं चित्र ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ या संचातलं असणार. महामंदीत अमेरिकेतले चित्रकार रिकामे बसले होते. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने रोजगाराची मोठी योजना काढली. आपल्याकडे दुष्काळात लोकांनी पाझर तलावावर माती वाहिली, तशीच ती, फक्त तिथे चित्रकारांना हातात कुंचला ठेवूनच हजेरी मिळाली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातला चित्रसंग्रह सांभाळणाऱ्या रोमाना जाविट्झ आणि कापडाची डिझाइनं करणाऱ्या रूथ रीव्ह्ज, या दोघींच्या बोलण्यातून कल्पना निघाली : आपल्या देशातल्या साध्या कारागिरांनी केलेल्या वस्तूंची चित्ररूप नोंद करायची. १९४२ पर्यंत सुमारे १८,००० चित्रं झाली आणि १९४३ मध्ये ती नॅशनल गॅलरीकडे गेली. त्यांत जहाजाच्या नाळेवर बसवायच्या लाकडी बाया आहेत, जत्रेतल्या चक्रावरचे घोडे आहेत, दुकानांच्या पाट्या, गोधड्या, खेळणी, पेट्या, कुलपं आहेत. सुताराने कोरलेले गरुड तर ढिगाने. राजवाड्यांतलं सामान जवळपास नाहीच, आणि मला तीच गोष्ट आवडते.

जाता जाता सांगते. या रूथ रीव्ह्जबाई पुढे १९५६ मध्ये भारतात आल्या, इथल्या हस्तकलांच्या नोंदी करत राहिल्या, मेण वितळवून धातू ओतायच्या आपल्याकडच्या पद्धतीवर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि १९६६ मध्ये दिल्लीतच वारल्या. तेव्हा ‘हे अमेरिकेतलं खूळ’ म्हणून सोडून देऊ नका.

तुमचा मुख्य प्रश्न, चित्र कशाला? त्या काळी एक अडचण अशी होती की रंगीत फोटो नुकते येत होते आणि ते महाग होते. आज ती नाही. मग आज काय उरतं?

ओसरीत उभे राहा आणि हस्तावरच्या पोपटाचा मोबाईलने फोटो काढा. पोपट चुलीच्या धुराने काळा पडलेला, मागे अंगणातलं खानदेशी ऊन. फोटोत मागचं अंगण पांढरं फटक येईल आणि पोपटाच्या जागी काळा गोळा. फ्लॅश टाकलात तर नक्षीची खोली सपाट होईल, तेलकट भाग चमकतील. जवळ जाऊन काढलात तर मोबाईलची भिंग पोपटाची चोच मोठी आणि शेपूट बारीक करून टाकेल. कॅमेऱ्याला मी नावं ठेवत नाहीये. आपल्या चाळीसगावच्या केकी मूस यांनी टेबलावर मांडणी करून काय काय फोटो काढले ते जाऊन बघा, पण त्या माणसाने प्रकाशासाठी जन्म घातला. तुम्ही-आम्ही बटण दाबतो.

चित्र काढणाऱ्याला एकेक रेघ ठरवावी लागते. पंखावरची ही खाच सुताराने मारलेली की नंतर पडलेली भेग? भेग लाकडाच्या रेषेबरोबर धावते, पटाशीची खाच रेषेला आडवीसुद्धा जाते आणि तिचा तळ स्वच्छ असतो. पानाच्या कडेला बारीक बारीक चंद्रकोरी दिसतात, त्या गोल पटाशीच्या. त्यांची रुंदी मोजली की कारागिराने कोणत्या मापाची पटाशी धरली होती ते समजतं. हस्ताच्या मागे हात फिरवून बघा. तिथे वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) ओबडधोबड छिलके तसेच असतील, कारण मागची बाजू कुणी बघणार नव्हतं आणि मजुरी पुढच्या बाजूची होती. दोन हस्तांवरचे पोपट शेजारी धरून काढायला बसलात तर कळेल की ते दोन वेगळ्या हातांचे आहेत. एकाच्या मानेत वळण आहे, दुसऱ्याची मान ताठ. उस्ताद आणि शागीर्द. फोटोत हे सगळं असतं, पण आपण बघत नाही. काढायला बसलं की बघावंच लागतं.

आमच्या अमळनेरच्या शाळेत एक सुतारमामा बाकं दुरुस्त करायला येत. मुलांची वस्तुचित्रं बघून म्हणायचे, “बाई, रेघ मारनं सोपं शे, पटाशी मारनं कठीन.” मी म्हणायची, मामा, तुमच्या पटाशीमागे जाईल अशी रेघ मारणंही कठीणच. त्यांना ते कधी पटलं नाही.

आता कसं काढायचं. ग्राफाईट म्हणजे आपल्या पेन्सिलीतला काळा गाभाच. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाईट आणि माती भाजून केलेली कांडी असते. माती जास्त तितकी कडक, म्हणजे एच. ग्राफाईट जास्त तितकी मऊ आणि काळी, म्हणजे बी. जलरंग म्हणजे रंगाची पूड आणि बाभळीच्या कुळातला डिंक. दोन्ही आपल्या घरातल्यासारख्या वस्तू आहेत, बिचकू नका.

त्या अमेरिकी चित्रकारांना जी पद्धत शिकवली गेली ती बॉस्टनच्या संग्रहालयात इजिप्तच्या थडग्यांतली कोरीव कामं नोंदवताना वापरत. तिचा गाभा असा : आधी मोजमाप, मग पेन्सिलीने स्वच्छ बाह्यरेषा, मग लाकडाच्या मूळ रंगाचा एक सपाट पातळ हात, आणि त्यावर सावल्या फिकटाकडून गडदाकडे थरावर थर. पांढरं लागेल तिथे कागद उघडा सोडायचा. प्रकाश डावीकडून वरून येतो असं धरायचं. मागे खोली नाही, पडदा नाही, फुलदाणी नाही. चित्रकाराने स्वतःची कलाकारी दाखवायची नाही, हा कडक नियम. हे आपल्या चित्रकारांना फार जड जातं. पोपट काढायला सांगितला तर झाडासकट काढतात.

मोजमाप टेपने घ्या : लांबी, रुंदी, भिंतीपासून किंवा खांबापासून किती पुढे आला ते. ओळंबा सोडून मधली उभी रेघ ठरवा. वळणदार कडेसाठी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची जाड कथिलाची तार वाकवून नक्षीवर बसवा, अलगद उचला आणि कागदावर ठेवून तिच्या कडेने पेन्सिल फिरवा. उथळ नक्षी असेल तर पातळ कागद दाबून धरून वरून पेन्सिल आडवी घासा, ठसा उतरतो. हस्त मोठा असेल तर निम्म्या मापाने काढा आणि तसं कोपऱ्यात लिहा. सेंटिमीटरची एक छोटी पट्टीही शेजारी आखा, कारण पुढे कुणी चित्राची लहान-मोठी प्रत काढली तर ‘निम्मं माप’ हे शब्द खोटे ठरतात, पट्टी ठरत नाही.

सागाच्या रंगाबद्दल. जुना साग चॉकलेटी नसतो. पोरं थेट ट्यूबमधला तपकिरी फासतात आणि लाकडाचं प्लॅस्टिक होतं. कच्च्या अंबरचा (रॉ अंबर, मातकट तपकिरी) पातळ हात द्या, वाळू द्या, त्यावर भाजलेली सिएना (बर्न्ट सिएना, तांबूस तपकिरी) कुठे कुठे, आणि गडद खाचांत सिएनामध्ये अल्ट्रामरीन निळा मिसळून. काळा रंग डब्यातच राहू द्या. काजळीसुद्धा निळसर किंवा तांबूस असते, नीट बघितलं की दिसतं. अमेरिकेत असले नक्षीचे तुकडे बहुधा पाइनचे, म्हणजे मऊ लाकडाचे. पटाशी त्यात सहज घुसते, पण पावसात टिकत नाही, म्हणून ते वरून रंगवत, सोन्याचा वर्ख लावत. तुम्ही पाहिलेल्या चित्रात कदाचित रंगाचे उडालेले पोपडे दिसले असतील. आपला सातपुड्याचा साग उलटा. त्यात तेल आहे आणि वाळूसारखी सिलिका आहे, तिने पटाशीची धार पुन्हा पुन्हा जाते. म्हणून तो उघडा ठेवला तरी टिकला. वाळवीलाही तो सहज दाद देत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याच घरांत सापडते. दर दिवाळीला भिंतीला चुना देताना कुंचल्याचे शिंतोडे नक्षीत गेलेले असतात. खोल खाचांत पांढरे ठिपके, काही पिवळट, काही निळीची झाक असलेले, कारण त्या वर्षी चुन्यात नीळ टाकलेली. पुसू नका, तसेच काढा. कोणत्या बाजूला जास्त आहेत यावरून भिंत कुठे होती ते नंतर समजतं. वस्तू जागेवरून हलली की ही माहिती पहिली मरते. म्हणूनच चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहा : कोणतं गाव, कोणत्या दिशेची ओसरी, डावीकडून कितवा खांब, वर काय होतं, खाली काय होतं, कूस (सांध्यात घुसणारं लाकडाचं टोक) कशी बसवली होती. लाकूड उतरवताना गवंडी-सुतारांबरोबर पुतणीला उभं करा. सांधा उघडतो तो एकदाच.

कुणी काढायचं? पुतणीनेच. नसेल जमत तर धुळे-जळगावकडे कलामहाविद्यालयांतली पोरं आहेत, सुट्टीत येतील. जेवू घाला, कागद-रंगांचे पैसे द्या, आणि कामाची मजुरीही द्या. ‘प्रॅक्टिस होईल तुझी’ हे वाक्य कृपा करून वापरू नका. अमेरिकेच्या सरकारने मंदीतसुद्धा पगार दिला होता.

आणि चित्रं झाल्यावर ती एकाच घरात ठेवू नका. आपल्या भुसावळला रॉबर्ट गिलची कबर आहे. मद्रासच्या सैन्यातला हा अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या मोठ्या प्रती करत होता. त्या लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेतले ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा तेच करू लागले. त्यांच्याही पुष्कळ प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. गिल पुढे कॅमेराही वापरू लागला होता, त्याने अजिंठ्या-वेरूळचे फोटो काढले. ब्रश की कॅमेरा हे भांडण त्याला पडलं नाही, तुम्हीही ओढवून घेऊ नका. मूळ चित्र घरी, चांगली स्कॅन प्रत तिघा भावांकडे, आणि एक प्रत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला घ्याल का म्हणून विचारा. १९२७ पासून ती संस्था जुने कागद आणि वस्तू सांभाळतेय.

विकावं की नाही, ते तुम्ही विचारलेलं नाही आणि मी सांगणार नाही. गळक्या धाब्याखाली तुम्ही झोपता, मी नाही. ‘वारसा जपा’ म्हणणारे पावसाळ्यात घमेलं धरायला येत नाहीत. एवढंच ध्यानात ठेवा की शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. तिचा धंदा करायला व्यापाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. भाव करायला आलेल्या माणसाला परवाना दाखवा म्हणा आणि त्याचा चेहरा बघा. माझं स्वतःचं मत विचाराल तर तुळया आणि फळ्या द्या, एक हस्त आणि केळफूल ठेवा. नव्या घरात शोकेसमध्ये नको, दाराच्या वर बसवा.

प्रश्न : मॅडम, मी इंटरमिजिएट पास आहे, आता फाउंडेशनला आहे. जुन्या लाकडी दाराचं चित्र पेन्सिल शेडिंग करून वर वॉटरकलर लावला तर सगळं राखाडी, मळकट होतं. खोडायला गेलो तर पेन्सिल खोडली जात नाही. रंग पण लगेच वाळून कडा पडतात. कागद चुकतोय का?
– एक विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : कागद थोडा चुकतोय, पेन्सिल जास्त. तू सहा बी घेऊन घासतोस, परीक्षेत लागलेली सवय. मऊ ग्राफाईटची पूड कागदावर सैल पडलेली असते, पाणी लागलं की ती रंगात मिसळते आणि पिवळ्याचं शेवाळ होतं. आणि एकदा वरचा रंग वाळला की त्यातला डिंक खालची पेन्सिल धरून ठेवतो, मग रबर काय करणार?

एच किंवा दोन एचने हलकी बाह्यरेषा काढ, कागदावर चर पडेल इतकी दाबू नकोस. पुट्टी रबर लोळवून रेघ जेमतेम दिसेल इतकी फिकी कर. शेडिंग रंगानेच. सगळे थर वाळल्यावर, अगदी शेवटी, टोकदार एचबीने भेगा, खिळ्यांची भोकं, कडीच्या घर्षणाने झालेली गोल झीज, एवढंच वरून काढ. पारदर्शक रंगावर बसलेली ती धारदार करडी रेघ लाकडाला शोभते. ‘जलरंग आणि ग्राफाईट’ची गंमत या जोडीत आहे. दोघांनी एकाच जागी एकच काम केलं की भांडण.

कागद ३०० ग्रॅमचा, बारीक दाण्याचा घे. कार्ट्रिजवर (नेहमीच्या ड्रॉइंगच्या कागदावर) दोन हात दिले की पापड होतो. महाग वाटत असेल तर मोठा ताव विकत घेऊन चार तुकडे कर.

कडा पडतात त्या आपल्या हवेमुळे. नंदुरबारला एप्रिल-मे मध्ये दुपारी ब्रश कागदावर टेकेपर्यंत पाणी उडतं. सकाळी लवकर बस, आधी कागद स्वच्छ पाण्याने ओलसर कर, रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाक. जास्त टाकलंस तर चित्र दोन दिवस चिकट राहील आणि माशा बसतील. पंखा बंद. घाम येईल, येऊ दे, कागदावर पडणार नाही एवढं बघ.

आणि दार उघडं काढायचं की बंद ते आधी ठरव. तू पाठवलेल्या चित्रात एक फळी उघडी आहे आणि बिजागरीच बंद दाराची आहे.

प्रश्न : ताई, आमच्या घराच्या चौकटीवर सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळची गणेशपट्टी आहे. तेल, कुंकू, काजळीने गणपतीचं तोंडसुद्धा दिसत नाही. मुलाचं लग्न आहे. सुतार म्हणतो कॉस्टिकने धुऊन, पॉलिश पेपर मारून, वार्निश करून नवीन करून देतो. करून घेऊ का?
– एक गृहिणी, यावल तालुका

उत्तर : नको, ताई. कॉस्टिक लाकडाचे तंतूच खातं. साग काळपट आणि केसाळ होतो, मग तो केस काढायला पॉलिश पेपर, आणि पॉलिश पेपर पहिल्यांदा काय खातो तर सोंडेची वळणं आणि उंदराचे कान. नवीन होईल, गणपती मात्र गुळगुळीत होईल.

आधी आहे तसा फोटो काढा आणि घरात कुणाचा हात बरा असेल त्याच्याकडून एक साधं रेखाचित्र करून घ्या, कुठे कुंकू आहे ते लाल पेन्सिलीने दाखवून. मग मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. नंतर कानात घालायच्या कापसाच्या काडीला जरासं टर्पेंटाईन लावून एका कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, सुपारीएवढ्या जागेत फिरवून बघा. काडी काळी झाली तर काजळी सुटतेय, काडी बदला आणि हळूहळू पुढे जा. काडीवर हिरवा किंवा लाल रंग आला तर तिथेच थांबा, खाली जुनं रंगकाम आहे. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ दिवा-उदबत्ती नको.

जवसाचं तेल चोपडू नका, त्यावर पुन्हा धूळ बसून दोन वर्षांत होतं तसंच होईल. वार्निश तर नकोच. लग्नाच्या आधी तोंड आणि सोंड एवढं मोकळं झालं तरी पुष्कळ, बाकीचं सावकाश. आणि सुताराला नाराज करू नका, दुसरं काम द्या. मांडवात पाहुणे ज्या दारातून येणार त्याचा उंबरा हलतोय का ते त्याच्याकडून बघून घ्या.